मला मोडी येत नाही

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. शिरीषला नाही, आईला नाही, जिला मी माझं खरं वजनसुद्धा सांगते त्या मैत्रिणीलाही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ओळखत असाल तर — तर बहुतेक त्याच गोष्टीसाठी ओळखत असाल, जी खरी नाही.

पण लगेच नाही जमायचं. आधी थोडी मजा सांगू द्या. ती दोन-अडीच वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात आनंदाची वर्षं होती, आणि तीच तर पंचाईत आहे. लबाडी आठवायला बसते आणि आधी हसूच येतं. पश्चात्ताप करणाऱ्या माणसाला असं हसू येतं का? मला येतं, काय करू.

युरो नुकताच सुरू झाला होता तेव्हाची गोष्ट. शिरीष हॅनोव्हरला गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या एका कंपनीत लागला आणि मी मागोमाग गेले. मी पुण्याची एमबीबीएस. पण तिथे माझ्या डिग्रीवर पेशंटची नाडीसुद्धा बघता येत नव्हती. पुण्यात आमच्या सोसायटीचा वॉचमन मला डॉक्टर म्हणायचा. इथे व्हिसाच्या कागदावर मी होते सोबत आलेली पत्नी. मग कोणीतरी सुचवलं की विद्यापीठात वैद्यकाच्या इतिहासात पीएच.डी. कर. त्याला पेशंट लागत नाहीत. म्हणजे लागतात, पण ते फार पूर्वीच बरे तरी झालेले असतात किंवा गेलेले तरी.

विषय मिळाला तो असा: दोन महायुद्धांच्या मधल्या काळात हॅनोव्हरच्या आमच्याच भागातल्या शाळांमधल्या मुलांची तब्येत, आणि त्यांना तपासायला येणारे शाळेचे डॉक्टर. दप्तरखान्यात पहिलं खोकं उघडलं आणि मला खुर्चीत बसवेना. इंटर्नशिपला जुन्नरजवळच्या आरोग्य केंद्रात असताना मी झेडपीच्या शाळांची तपासणी केली होती. व्हरांड्यात पोरांची रांग, दात दाखव, नखं दाखव, खालची पापणी ओढून रक्त आहे का बघ. आणि इथे, इतक्या जुन्या पिवळ्या कागदांवर, तेच रकाने! उंची, वजन, छाती, दात, टॉन्सिल, कणा, उवा. प्रत्येक मुलाचं एक पत्रक, पहिलीपासून आठवीपर्यंत. मला वाटलं, हे सगळे माझेच पेशंट आहेत, फक्त माझी यायची वेळ जरा चुकली.

अडचण एकच होती. मला ते वाचता येत नव्हतं.

रकान्यांची नावं छापलेली होती, ती वाचता येत होती. पण त्यात हाताने जे भरलं होतं, ते जुन्या जर्मन हस्तलिपीत. ती लिपी पाहिली आहे तुम्ही? सगळी अक्षरं कुंपणाच्या काठ्यांसारखी एकसारखी तिरकी उभी. त्यात आणि डॉक्टरचं अक्षर, आणि ते काय असतं हे मला कोणी सांगायला नको. मी पुस्तक आणून शिकायला बसले. तीन महिन्यांनंतर माझी प्रगती अशी की दिवसाला चार पत्रकं व्हायची, आणि त्यातली दोन चुकीची. खोकी चार होती, गच्च भरलेली. प्रोफेसरांनी विचारलं, लिपी जमते आहे ना? मी म्हटलं, या, या. जर्मनमध्ये होकार द्यायला फार सोपा आहे.

आता बुधवारांबद्दल सांगते.

आम्ही राहायचो त्या बिल्डिंगच्या तळघरात कपडे धुण्याची खोली होती. सगळ्या भाडेकरूंना मिळून एक मशीन, भिंतीवर वेळांचा तक्ता. माझी वेळ बुधवारी दोन ते पाच. पाचनंतरची वेळ तळमजल्यावरच्या फ्राऊ विटकोप यांची, म्हणजे विटकोपबाईंची. हेर्टा विटकोप, वय पंच्याऐंशीच्या घरात, एकट्या, ताठ कण्याच्या. त्या साडेचारलाच यायच्या, मी मशीनची जाळी साफ केली की नाही हे बघायला. मी नाही करायचे. त्या काही बोलायच्या नाहीत, पण मी बघत असताना स्वतः साफ करायच्या, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट असतं. पुण्यात वाढल्यामुळे मला ही पद्धत चांगली ओळखीची होती.

तर एका बुधवारी मी स्टुलावर बसून पत्रकांच्या झेरॉक्स बघत होते. खरं म्हणजे त्या घराबाहेर कोणाला दाखवायच्या नव्हत्या. पत्रकांवर मुलांची नावं होती, आणि कोणालाही दाखवणार नाही असं दप्तरखान्यात मी लिहून दिलं होतं. विटकोपबाई आल्या, माझ्या खांद्यावरून वाकल्या, आणि सरळ वाचायलाच लागल्या.

"आल्झो, तर मग. मानेच्या गाठी सुजलेल्या. दात, सहा किडलेले. कॉड लिव्हर ऑइल, रोज दोन चमचे." मग थांबल्या, कागद नाकाजवळ नेला आणि म्हणाल्या, "अहो, हा तर कार्ल. आमच्या मागच्या गल्लीतला."

मी त्या क्षणी काय करायला हवं होतं ते तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत होतं. मी उठले आणि त्यांना स्टूल दिलं.

त्या शाळेत शिकल्या तेव्हा तीच लिपी शिकवायचे, त्यामुळे त्यांना ती वाचायला काही कष्टच नव्हते. शिवाय जन्म त्याच भागातला. पुढच्या बुधवारी मशीन लावून मी त्यांच्या स्वयंपाकघरात गेले, आणि मग दर बुधवारी. त्या भिंग घेऊन मोठ्याने वाचायच्या, मी लिहून घ्यायचे. टेबलावर कॉफी आणि आलुबुखारचा केक. मी चकल्या न्यायचे. त्यांनी पहिल्याच दिवशी चकली कॉफीत बुडवली, आणि मग मीही बुडवायला लागले. आईला कळलं तर ती जेवणार नाही.

आणि काय वाचायच्या! पत्रकात एक ओळ असायची आणि त्यामागे अख्खी गल्ली. कार्लचं उदाहरण घ्या. शाळेत वजन करायचे ते कोणाला दुपारी दूध आणि पाव द्यायचा हे ठरवायला. जो हडकुळा त्याला मिळणार. कार्ल गोल गुबगुबीत, त्याला काही मिळेना. मग वजनाच्या दिवशी तो गाल आत ओढून, पोट खपाटीला नेऊन काट्यावर उभा राहिला, आणि डॉक्टरांनी विचारलं तेव्हा उत्तर देता येईना, कारण श्वास सोडला असता तर पोट बाहेर आलं असतं. पत्रकात नोंद काय? 'मुलगा बोलत नाही. कान तपासावेत.' विटकोपबाई हे वाचून इतक्या हसल्या की भिंग केकमध्ये पडलं. मी तर रडायची बाकी होते.

मग कृत्रिम सूर्य. हिवाळ्यात अशक्त मुलांना एका मोठ्या दिव्याभोवती चड्डीवर बसवायचे, डोळ्यांना काळे गोल चष्मे. हाडं मऊ राहू नयेत म्हणून. विटकोपबाई उठून स्वयंपाकघराच्या मध्ये उभ्या राहिल्या आणि नर्सबाई कशा हुकूम सोडायच्या ते करून दाखवलं: पाठ दिव्याकडे, पोट दिव्याकडे, पाठ दिव्याकडे. पंच्याऐंशीच्या बाई, स्वतःच्याच तालावर गोल फिरत होत्या. आणि समुद्रावरचे सहा आठवडे! अशक्त मुलांना तिथे हवापालटाला पाठवायचे; जाताना वजन, येताना वजन, आणि ज्याचं जास्त वाढेल तो हुशार. त्यांचं चार किलो वाढलं होतं. महिन्याभरात घरी सगळं उतरलं, पण पत्रकावर ते चार किलो कायमचे राहिले. मी म्हटलं, अहो, आमच्या जुन्नरच्या पोरांचंही असंच होतं, सुट्टीत मामाकडे जाऊन आली की वजन वाढलेलं. त्या म्हणाल्या, गेनाऊ, अगदी बरोबर. मामा असायला हवा.

सांगा, अशा बुधवारनंतर गुरुवारी विद्यापीठात कोणी तोंड पाडून जाईल? मी उड्या मारत जायचे. पाच-सहा महिन्यांत एक खोकं संपायला लागलं. सेमिनारमध्ये मी पहिलं प्रकरण वाचलं आणि प्रोफेसर चष्मा काढून म्हणाले, आमच्या जर्मन विद्यार्थ्यांना हे अक्षर लागत नाही. फ्राऊ केळकर, तुम्ही हे कसं केलंत?

पंधरा-वीस जण माझ्याकडे बघत होते. मी तोंड उघडलं, आणि खरंच सांगते, काय बोलणार हे मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, आमच्याकडे मोडी म्हणून एक लिपी आहे. झरझर लिहिण्याची, हात न उचलता. माझ्या आजोबांनी मला लहानपणी शिकवली. त्यामुळे अशा अक्षरांची डोळ्यांना सवय आहे.

मला मोडी येत नाही. एक अक्षर येत नाही. आजोबा एलआयसीत होते, त्यांनाही येत नव्हती. मोडीतला कागद मी आयुष्यात एकदाच पाहिला, शाळेच्या सहलीत, काचेमागे.

पण लोकांना ते किती आवडलं म्हणून सांगू! मराठी आजोबा, जुनी लिपी, जर्मन दप्तरखाना — त्यांना त्यातून कसला तरी अर्थ लागला. प्रोफेसर हे प्रत्येक पाहुण्याला सांगायला लागले. आणि मी? मला राग आला का, लाज वाटली का? छे. मी पुन्हा डॉक्टर झाले होते. पुढच्या सत्रात तर कळस झाला: विभागाने मला जुनी हस्तलिपी वाचायचा वर्ग घ्यायला सांगितलं. गुरुवारी दहा ते बारा, जर्मन मुलांना जर्मन लिपी शिकवायला पुण्याची केळकर.

मग बुधवारी मी पत्रकांबरोबर वर्गाची पानंही न्यायला लागले. बाई वाचायच्या, मी प्रत्येक शब्दावर पेन्सिलीने बारीक खुणा करायचे, आणि गुरुवारी वर्गात म्हणायचे, बघा हं, नीट बघा, इथे काय दिसतंय? एकदा एका मुलीने पणजीचं पत्र आणलं आणि लगेच वाचून द्या म्हणाली. मी कागद उजेडाकडे धरला, मान हलवली, आणि म्हटलं, हे घाईचं काम नाही, पुढच्या आठवड्यात. सगळ्या वर्गाने आदराने मान हलवली. तळघरात मशीनमधून कपडे काढताना मी एकटी हसत बसायचे.

विटकोपबाईंना मी सांगितलं होतं की ही पानंही प्रबंधाचीच आहेत.

हे मला जरा आधी सांगायला हवं होतं. बघा, अजूनही मी गोल गोल फिरते आहे.

तिसऱ्या खोक्यात त्यांचं पत्रक निघालं. निघणारच होतं, शाळा त्यांचीच. मला झेरॉक्स काढतानाच दिसलं असतं, पण मला वाचता कुठे येत होतं? त्यांनी नेहमीच्या आवाजात सुरुवात केली. नाव हेर्टा, वय दहा, उंची, वजन, दात बरे. दृष्टी कमजोर. बुद्धी मध्यमापेक्षा कमी. पुढच्या शाळेसाठी शिफारस नाही.

त्या हसल्या. कार्लच्या वेळेसारखं नाही, पण हसल्या. म्हणाल्या, फळ्यावरचं दिसतच नव्हतं मला. चष्मा चौदाव्या वर्षी मिळाला, तोपर्यंत बटणांच्या दुकानात लागले होते. त्यांना शाळेत शिक्षिका व्हायचं होतं. चाळीस वर्षं त्यांनी बटणं विकली. त्या वाईट वाटून घेऊन बोलत नव्हत्या, बटणांबद्दलही त्या फार मजेदार बोलायच्या. कॉफीचा दुसरा कप ओतताना मात्र थांबल्या.

"माझ्याबद्दल कोणी काही लिहिलंय असा हा एवढाच कागद," त्या म्हणाल्या. "तुमच्या पुस्तकात माझं नाव घालाल ना? एक ओळ पुरे. हेर्टा विटकोप यांनी वाचलं."

मी म्हटलं, म्हणजे काय, नक्की घालणार. मी त्यांचा हातही हातात घेतला. आणि तेव्हा मला तसं खरंच करायचं होतं. त्याला काही अर्थ नाही, पण करायचं होतं.

प्रबंध झाला, उत्तम शेरा मिळाला, पुस्तक काढायचं ठरलं. प्रस्तावना लिहायला बसले तेव्हा मी स्वतःला समजावलं: त्यांचं नाव घातलं तर मी पत्रकं बाहेर दाखवली हे उघड होईल, मी तसं न करायचं लिहून दिलं होतं, प्रकरण अंगाशी येईल. किती छान कारण होतं! कायद्याचं. जर्मनीत याहून चांगलं कारण मिळत नाही. मी ते दोन आठवडे अगदी प्रामाणिकपणे मानलं. मग शेवटचे संदर्भ तपासायला दप्तरखान्यात गेले, आणि तिथल्या बाई सहज गप्पा मारताना म्हणाल्या, की वाचनाला एखाद्या म्हाताऱ्या माणसाची मदत घेतली असेल तर त्यांच्यासाठी एक फॉर्म असतो. खूप जण घेतात. एक सही लागते, मागची तारीखही चालते. त्यांनी फॉर्म माझ्या हातात दिला.

तो फॉर्म कित्येक आठवडे माझ्या पर्समध्ये होता. बसच्या पासाच्या मागे. मी रोज पास काढायचे तेव्हा तो दिसायचा.

मी तो भरला नाही. भीती नव्हती, फॉर्म हातात आला तेव्हाच ती संपली होती. तो भरला असता तर मोडी गेली असती. आजोबा गेले असते, गुरुवारचा वर्ग गेला असता, प्रोफेसरांचं ते चष्मा काढून बघणं गेलं असतं. राहिली असती ती शेजारणीकडे कॉफी पिऊन, तिने सांगितलेलं उतरवून घेणारी एक बाई. मला ती बाई व्हायचं नव्हतं. दुसरं काही कारण नाही, मी खूप शोधलं आहे.

प्रस्तावनेत मी प्रोफेसरांचे आभार मानले. दप्तरखान्यातल्या बाईंचे मानले. शिरीषचे, मेतकूट पाठवणाऱ्या सासूबाईंचे. मोडीवर एक अख्खा परिच्छेद लिहिला. विटकोपबाई पुस्तकात नाहीत असंही नाही. चौथ्या प्रकरणात, डॉक्टरांची नजर कुठे चुकायची याचं उदाहरण म्हणून, नाव झाकलेलं एक पत्रक आहे. विद्यार्थिनी, वय दहा. बुद्धी मध्यमापेक्षा कमी.

पुस्तक हातात आलं तेव्हा मी ते घेऊन खाली गेले. जायला नको होतं? पण त्या रोज जिन्यात विचारायच्या, आलं का, आलं का. त्यांनी केक केला होता, निळा झगा घातला होता, केस सेट करून आल्या होत्या. पुस्तक दोन्ही हातांनी घेतलं, वास घेतला, भिंग काढलं आणि प्रस्तावनेचं पान उघडून वाचायला लागल्या.

त्या सगळं मोठ्यानेच वाचायच्या, तुम्हाला सांगितलंच आहे. पत्रकं वाचायच्या त्याच आवाजात त्यांनी माझ्यासमोर माझी प्रस्तावना वाचली. झरझर लिहिण्याची लिपी. आजोबा. डोळ्यांना लागलेली सवय. कुठे अडखळल्या नाहीत, आवाज बदलला नाही. मग आभार. बोट एकेका नावाखालून जात होतं. प्रोफेसर, दप्तरखाना, शिरीष. सासूबाईंचं नाव त्यांनी दोनदा प्रयत्न करून नीट उच्चारलं. बोट पानाच्या तळाशी गेलं. त्यांनी पान उलटून बघितलं, मागे काही आहे का. मागे अनुक्रमणिका होती.

त्यांनी पुस्तक मिटलं, त्यावरून एकदा हात फिरवला, आणि म्हणाल्या, "छपाई सुंदर आहे."

मग केक कापला. मी दोन तुकडे खाल्ले. आम्ही कार्लबद्दल बोललो, त्या हसल्या, मीही हसले.

पुढच्या बुधवारी मशीन लावलं आणि वर्गाची पानं घेऊन मी त्यांच्या दारात उभी राहिले. त्यांनी पानं हातात घेतली, ही कशासाठी ते विचारलं नाही. पुस्तक तर छापून झालं होतं. त्यांनी भिंग उचललं आणि वाचायला सुरुवात केली. मी लिहून घेतलं. आम्ही हॅनोव्हर सोडून बॉनला जाईपर्यंत, आणखी दीड वर्ष, दर बुधवारी त्या वाचत होत्या आणि मी लिहून घेत होते.